उजवा खांदा

माझ्या आईने दोन पोरं एकदम अंगावर पाजली. डाव्या बाजूला माझा भाऊ टाइग, उजव्या बाजूला मोठ्या घरचा, आमच्या जमीनदाराचा मुलगा स्टँडिश पर्डन. त्याची आई बाळंतपणातच गेली, म्हणून तिसऱ्या दिवशी त्याला दुपट्यात गुंडाळून आमच्या झोपडीत आणून दिला. उजवी बाजू साहेबांच्या पोरासाठी राखायची, तिकडे आपलं पोर लावायचं नाही, अशी वरून ताकीद होती. साहेबलोक प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथलिक. आई हे सांगताना हसायची. म्हणायची, दूध काय प्रॉटेस्टंट असतं होय गं? पण ताकीद मात्र तिने पाळली.

मी सोर्का लावेल, टाइगच्या पाठची. चौदाव्या वर्षी मोठ्या घरात कपडे धुवायला लागले, ती केस पांढरे होईतो तिथेच. त्यामुळे त्या माणसाला मी दोन्हीकडून पाहिलंय, आमच्या चुलीपाशी आणि त्याच्या दिवाणखान्यात. आज गावातली माणसं त्याला सरसकट सैतान म्हणतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सैतान असता तर बरं झालं असतं. सैतानाच्या शब्दावर कोणी विसंबून राहत नाही.

बटाटा कुजून दुष्काळ पडला त्या तीन वर्षांत शेजारपाजारचे जमीनदार डब्लिनला जाऊन बसले. हा गेला नाही. शिकारीचे घोडे विकले, तबेल्यातल्या हंड्यांत रोज ओटची पेज शिजवली आणि हातमोजे काढून स्वतः वाढायला उभा राहिला. त्याच्या जमिनीवर त्या वर्षांत एकही घर पाडलं गेलं नाही. खोटं कशाला बोलू, मी स्वतः ती पेज प्यायले आहे. आई तेव्हा चारचौघींत मिरवायची, माझं दूध आहे ते, वाया नाही जायचं. बायाही माना डोलवायच्या.

मग त्याला पार्लमेंटचं वेड लागलं. अठराशे बावन्न सालच्या उन्हाळ्यात जत्रेच्या टेकडीवर सभा झाली. फादर कनीन शेजारी उभे, समोर दोन हजार माणसं. स्टँडिशने टोपी काढली आणि शपथ घेतली की कुळांच्या हक्काचा कायदा होत नाही तोवर मी कुठल्याही सरकारचं पद घेणार नाही, कुठल्याही सरकारचं मीठ खाणार नाही. त्याचे डोळे भरून आले होते. ते खरे होते. त्या माणसाचं हेच तर वाईट होतं, शब्द देताना तो कायम खरा असायचा.

टाइग त्या शपथेने वेडा झाला. एरवी घुम्या, दिवसाला चार वाक्यं बोलला तर पुष्कळ. पण त्या महिन्यात दारोदार हिंडला. आमची माणसं तर स्टँडिशला मत देणारच होती, पण ओढ्यापलीकडे लॉर्ड डनमॉइलची कुळं होती आणि त्यांच्या मालकाचा उमेदवार वेगळा होता. मत तेव्हा तोंडाने द्यायचं. आता पेटीत चिठ्ठी टाकून मोकळे होतात, तसं नव्हतं. टेबलापुढे उभं राहायचं, कारकुनाने विचारलं की मोठ्याने नाव सांगायचं, बाजूला जमीनदाराचा कारभारी ऐकत उभा, आणि सगळं वहीत उतरणार. टाइगने पलीकडच्या चार घरांना सांगितलं की त्याचा शब्द तो माझा शब्द, आम्ही एका अंगावर वाढलोय. चारही कर्त्यांनी आपल्या मालकाच्या तोंडावर स्टँडिशचं नाव घेतलं. स्टँडिश निवडून आला. सुगीनंतर ती चारही घरं डनमॉइलच्या माणसांनी जमीनदोस्त केली. त्यातल्या गिल्डेची बायको तान्ह्यासकट कंगालांना कोंडायच्या सरकारी कामगारखान्यात गेली आणि दोघंही तिथेच संपली.

टाइग म्हणायचा, कायदा होऊ दे, मग त्यांना परत आणू. नाताळ झाला. जानेवारीत बातमी आली की स्टँडिश पर्डनने सरकारात पद घेतलं.

पद घेतलं की कायद्याने पुन्हा मतदारांपुढे उभं राहावं लागायचं, म्हणून तो परत आला. आमच्या चुलीपाशी तिपाईवर बसून आईला समजावत होता, पेगआई, बाहेर उभं राहून ओरडण्यापेक्षा आत बसून जास्त करता येतं. आईने त्याला टोपलीतला गरम बटाटा सोलून दिला. त्याने मिठाला लावून खाल्ला, बोटं चाटली. टाइग तेवढा वेळ दारात उभा राहून बाहेर बघत होता. स्टँडिशने जाताना त्याच्या पाठीत गुद्दा घातला, लहानपणी घालायचा तसा. मत मागितलं नाही. मागायची गरजच काय, असं त्याला वाटत होतं.

मागितलं ते कारभाऱ्याने. मिस्टर टटहिल घरोघर फिरला आणि नुसतं एवढंच म्हणाला की मे महिन्यात कुळांची नवी यादी होणार आहे, कोण राहील आणि कोण नाही ते मतदानाच्या वहीवरून ठरेल. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. फादर कनीननी रविवारी वेदीवरून सांगितलं की शपथ मोडणाऱ्याला मत देणारा त्याच्या पापात वाटेकरी. आमची माणसं इकडे आड तिकडे विहीर अशी सापडली.

आईची हौस एकच उरली होती. पासष्ट वर्षांची होती, गुडघे गेले होते. तिला त्याच छपराखाली, त्याच चुलीशेजारच्या खाटेवर मरायचं होतं, जिथे तिची आई मेली, जिथे तिने दोघांना पाजलं. ती टाइगला म्हणाली, "तो चुकला असेल. पण त्याच्या विरुद्ध तू तोंड उघडायचं नाहीस. आणि मला या वयात रस्त्यावर काढू नकोस."

टाइग म्हणाला, "आई, मी चार घरांना शब्द दिला. तिथे आता गवत आहे."

"मग घरात बस. आजारी पड."

"तेही बोलणंच झालं," टाइग म्हणाला.

मतदानाच्या दिवशी टटहिल कुळांना घोळक्याने शहरात नेणार होता, पुढेमागे घोडेस्वार घालून. बाजाराला मेंढरं नेतात तसं. स्टँडिशला ते बघवलं नाही. म्हणजे बाकीच्यांचं बघवलं, टाइगचं बघवलं नाही. तो स्वतःची बग्गी घेऊन आमच्या दारात आला. चल, माझ्याबरोबर चल, त्या गर्दीत कशाला. आई तर हरखून दारापर्यंत आली. त्याने मान देण्यासाठीच केलं हे, त्याबद्दल मला शंका नाही. पण भर दुपारी आमच्या अख्ख्या बॅलिशान गावाने टाइग लावेलला साहेबाच्या बग्गीत साहेबाच्या शेजारी बसलेलं पाहिलं. बायकांनी तोंडं फिरवली. गिल्डे, ज्याची बायको गेली तो, रस्त्याच्या कडेला उभा होता. तो पुढे आला आणि बग्गीच्या चाकावर थुंकला. स्टँडिशला वाटलं ते आपल्यासाठी आहे. त्याने टोपीला हात लावला.

साहेबलोकांच्या जेवणाच्या टोपल्या घेऊन मतदान चाललं होतं त्या कोर्टाच्या दारात मी उभी होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. कारकुनाने नाव विचारलं, जमीन किती ते विचारलं, मत कोणाला विचारलं. स्टँडिश टेबलाच्या पलीकडे हसऱ्या चेहऱ्याने उभा. माझ्या भावाचा आवाज मी जन्मात तेवढा मोठा ऐकला नव्हता. त्याने विरोधातल्या उमेदवाराचं नाव घेतलं, मिस्टर रॉश. मग बाहेरच्या गर्दीत एकच गलका उठला. टटहिलने शांतपणे पेन्सिल ओली करून आपल्या कागदावर खूण केली. स्टँडिशचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्याला ते आवरायचं सुचत नव्हतं.

आमच्या गावची आणखी आठ माणसं टाइगच्या मागोमाग रॉशचं नाव घेऊन आली. बाकीच्यांनी खाली मान घालून साहेबाचं घेतलं. मी त्यांना दोष देत नाही. स्टँडिश एकतीस मतांनी निवडून आला. म्हणजे टाइगच्या मताने त्याचं वाकडं काहीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याकडे आला, पायी. आई रडायला लागली, त्याचे हात धरून टाइगची माफी मागायला लागली. त्याने तिला बसवलं. टाइगला म्हणाला, "एवढ्या जोरात ओरडायचं काही अडलं होतं? मी चार पावलांवर होतो."

टाइग म्हणाला, "टेकडीवर तूही जोरातच बोलला होतास."

टाइगने त्याला 'तू' म्हटलं त्याला वीस वर्षं झाली असतील. पण स्टँडिश रागावला नाही. त्याने आईपुढे गुडघा टेकला. म्हणाला, "पेगआई, मी जिवंत आहे तोवर या छपराची काडी कोणी हलवणार नाही. हा माझा शब्द." आणि पुन्हा त्याचे डोळे भरले.

आईने त्याच्या केसांतून हात फिरवला. टाइगही त्या दिवशी त्याला ओढ्यापर्यंत सोडायला गेला. काय बोलले ते मला माहीत नाही. टाइग परत आला तेव्हा शीळ घालत होता, एवढं आठवतं.

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण सगळं यातच आहे. त्याच्या पुढच्या दिवशी स्टँडिश लंडनला निघाला. बग्गी दारात, घोडे पाय आपटतायत, दिवाणखान्यात टटहिल कागदांचा गठ्ठा घेऊन हजर. रोजचंच होतं ते. साहेब कधीच काही वाचायचा नाही. त्याच्या बापानेही कधी वाचलं नाही. कागद वाचणं हे कारभाऱ्याचं काम, साहेबाने सही करायची. वाचत बसला तर आपल्या माणसावर विश्वास नाही असं दिसतं, असं ती माणसं मानायची. मी इस्त्रीचे शर्ट पेटीत ठेवायला आले होते. टटहिल म्हणाला, अगं पोरी, जरा दौत धर. मी धरली.

नऊ कागद होते. आमच्या गावचे रॉशवालेही नऊ. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. मनात आलं, हे नोटिसांचेच कागद असणार. जीभ अगदी ओठाशी आली की साहेब, टटहिलसाहेबांना आमच्या घराचं सांगितलंत ना? आणि मी गप्प बसले. भीतीने नाही. मला वाटलं, माणसाने काल आईपुढे गुडघा टेकून शब्द दिलाय, आज मी आठवण करून द्यायची म्हणजे त्याच्या शब्दाला धक्का. आमच्यात तसं करत नाहीत. दिलेल्या शब्दाची आठवण द्यायची ती हलक्या माणसाला. बाकीची आठ घरं माझ्या मनातही आली नाहीत, हेही सांगून टाकते. त्याने एका हातात हातमोजा तसाच ठेवून नऊ सह्या केल्या, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि गेला.

शब्द त्याने आम्हाला दिला होता. टटहिलला सांगायचं राहून गेलं होतं.

नोटीस आली तेव्हाही आई हसली. ही चुकून आलीय, म्हणाली, आणि ती चुलीत घातली. टाइगने कोणाला काही विचारलं नाही. मी फादर कनीनना गाठून लंडनला पत्र लिहायला लावलं. पत्र गेलं त्या दिवशी अकरा मे होता. पहारी आणि दोर घेतलेली माणसं तेरा तारखेला आली. शिपाई बरोबर होते, टटहिल घोड्यावर होता.

मी त्याच्या रिकिबीला धरून सांगितलं की साहेबांचा शब्द आहे. तो म्हणाला, "असेल. माझ्याकडे त्यांची सही आहे."

आईला खाटेसकट उचलून बाहेर ठेवली. छपराला दोर बांधून ओढलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं. ती किंचाळली नाही. मला म्हणाली, चूल विझवू नका म्हणावं, दीडशे वर्षं विझलेली नाही. एकाने त्यावर बादली ओतली होती. मी तिला सांगितलं, नाही विझवली.

बेघर कुळाला जो आसरा देईल त्याचंही छप्पर जाईल, असा टटहिलचा हुकूम होता. ज्या शेजाऱ्यांनी मतदानाच्या संध्याकाळी टाइगला खांद्यावर घेऊन नाचवलं, त्यांनी दारं लावून घेतली. गिल्डे तेवढा आला, त्याच्याकडे लावायला दारच नव्हतं. त्याने आणि टाइगने रस्त्याच्या चरात फांद्या आणि गवताची ढेकळं टाकून आडोसा केला. त्यात बसता येत होतं, उभं राहता येत नव्हतं. दिवसभर पाऊस, खालून पाणी. मी मोठ्या घरून पुडीत बांधून भाकरी न्यायची. त्याच घरातली भाकरी, ती खाताना टाइग माझ्याकडे बघायचा नाही.

नवव्या दिवशी दुपारी आई गेली. टाइग पाणी आणायला गेला होता, मी एकटी होते. तिची छाती घरघरत होती, पण डोकं शाबूत होतं. तिने मला जवळ ओढलं. म्हणाली, "दोघांनी खांदा द्यायचा. डावीकडे टाइग, उजवीकडे स्टँडिश. तो येईल. सांगशील ना?"

मी म्हटलं, सांगेन. फादर नव्हते, मेणबत्ती नव्हती, पण तेवढ्या शब्दावर तिने डोळे मिटले.

प्रेताजवळ रात्र जागवायची आमची रीत, पण छप्पर नाही, म्हणून ते चरातच ठेवलं. बायका रस्त्यावर ओळीने बसून भर दिवसा रडल्या. हुकूम आसऱ्याचा होता, रडण्याचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शवपेटी उचलायची वेळ झाली आणि बग्गी आली. स्टँडिशच्या हातात पत्र फार उशिरा पडलं होतं, पण पडल्यापासून तो थांबलाच नव्हता, दाढी वाढलेली, कपड्यांवर बोटीवरच्या ओकारीचे डाग. त्याने आधी आमचं घर होतं त्या जागेकडे पाहिलं, मग चराकडे. टोपी त्याच्या हातातून पडली ती त्याने उचलली नाही. माणसं बाजूला सरली, जशी कुत्रं चावरं असलं की सरतात.

आमच्यात पेटीला पहिले चार खांदे एकाच आडनावाचे लागतात. टाइग पुढे डावीकडे उभा होता. मागे चुलत्याची दोन मुलं. पुढचा उजवा कोपरा मोकळा होता. तिसरा चुलतभाऊ मायकेल तिथेच दोन हात अंतरावर उभा होता, पण टाइगने त्याला हाताने थोपवून धरलं होतं. ते मी पाहिलं. पाहिलं, पण माझ्या टाळक्यात तेव्हा दुसरंच काही पेटलं होतं.

स्टँडिश माझ्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, "मी वाचलं नाही, सोर्का. देवाशपथ, मी ते वाचलं नाही."

"मला माहीत आहे साहेब. दौत माझ्या हातात होती."

त्याला ते आठवलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं मला. मग तो अगदी हळू म्हणाला, "तिने माझ्यासाठी काही सांगून ठेवलंय का?"

टाइगने मान वळवली. तोही माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "नाही साहेब. तुमचं नाव नाही काढलं तिने."

मग टाइगने मायकेलला मान हलवून खूण केली आणि मायकेल उजव्या कोपऱ्याखाली गेला. पेटी उचलली गेली. स्टँडिश सगळ्यांच्या मागून, भिकाऱ्यांच्याही मागून, डोकं उघडं टाकून दफनभूमीपर्यंत चालत आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला.

त्याने टटहिलला काढून टाकलं. नवा कारभारी आणला, तोही तसलाच निघाला, कारण कागद वाचायची सवय साहेबाला पुढेही लागली नाही. पाडलेल्या घरांची जमीन एका गुरंवाल्याकडे गेली होती, ती परत आली नाही. टाइग त्याच शरद ऋतूत अमेरिकेला गेला, पेन्सिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत. दोन पत्रं आली. दुसऱ्यात एकच ओळ कामाची होती: त्या दिवशी मी उजवा कोपरा त्याच्यासाठी ठेवला होता, पण आईचीच इच्छा नव्हती तर काय करणार. ते पत्र मला फादर कनीननी वाचून दाखवलं. मी त्यांना म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मी उत्तर पाठवलं नाही.

स्टँडिश आणखी एकोणीस वर्षं पार्लमेंटात बसला. कुळांच्या कायद्यावर तिथे कधी तोंड उघडलं नाही म्हणतात. शेवटी फुफ्फुसाच्या दुखण्याने घरी येऊन पडला. चादरी बदलायला मी जायची. एकदा त्याने माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांनी तेच विचारलं, "खरंच काही नाही म्हणाली?"

सांगायला काय झालं असतं? मरणारा माणूस होता. आईचा निरोप होता, माझा नव्हता. आणि त्याने शब्द मोडला तो विसरून, मी मोडत होते तो रोज आठवून. एवढं सगळं मला कळत होतं. मी त्याचा हात चादरीखाली घातला आणि म्हटलं, नाही साहेब, पडून राहा.

त्याला खांद्यावर नेलंच नाही. चार काळे घोडे, काचेची गाडी. त्याचा शर्ट मीच इस्त्री केला होता.

गेल्या महिन्यात टाइग गेल्याचं कळलं. त्याला काही सांगायचं असेल तर ते आता वर गेल्यावरच. तिथे आई आधीच बसली असेल, आणि ती पहिलं काय विचारेल ते मला ठाऊक आहे. उत्तर शोधतेय. अजून सापडलेलं नाही.